भूपेशचा एक तास

आमच्या धंद्यात एक गंमत आहे. बिघडलेली वस्तू दुरुस्त होऊन मालकाच्या घरी परत जाते, पण ती कशी बिघडली याचा किस्सा मात्र दुकानातच राहतो. ॲम्प्लिफायर, भोंगे, डीजेवाल्यांचे मिक्सर आणि बॉक्स दुरुस्त करता करता माझ्या पेणच्या दुकानात इतके किस्से साठलेत की सुटे भाग ठेवायला जागा उरलेली नाही. आमची नंदा म्हणते, "पार्ट कमी आणि गोष्टी जास्त, असं दुकान पेणमध्ये एकच आहे." बायकोने केलेलं कौतुक समजून मी ते घेतो.

सगळे किस्से सांगत बसलो तर तुमचा चहा चारदा गरम करावा लागेल. म्हणून आज फक्त भूपेशच्या रेकॉर्डिंगचे सांगतो.

भूपेश पेणजवळच्या जोहे गावचा. हळदीला आणि मिरवणुकीला डीजे वाजवणारा. अंगाने दणकट, बोलायला अगदी कमी. त्याचं म्हणणं असं की आपल्यासाठी बॉक्स बोलतात, मग आपण कशाला तोंड वाजवायचं. पण मिरवणुकीतल्या मोठ्या आवाजावर बंधनं आली आणि त्याचे बॉक्स गप्प बसायला लागले. त्याचे वडील, ज्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो, भात आणि वाल पिकवणारे गृहस्थ. त्यांनी कुणाला तरी सांगून रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत त्याच्यासाठी जागा बघितली. शिफ्ट ड्यूटी, कायम होण्याची आशा.

भूपेश नाही म्हणाला नाही. फक्त त्याच्या कानावर असं आलं होतं की अलिबागच्या पुढे समुद्रावर एक रिसॉर्ट आहे, त्यांना संध्याकाळी वाजवायला कायमचा डीजे हवाय. त्यांची मागणी एकच. तुमचं एक तासाचं रेकॉर्डिंग पाठवा. सलग, कॉम्प्युटरवर घेतलेलं, मध्ये कुठे कापलेलं नको.

अप्पांनी विचार केला आणि म्हणाले, "कंपनीत हजर व्हायच्या आत त्यांचं बोलावणं आलं, तर जा. नाय आलं, तर परत तो विषय माझ्याकडं काढायचा नाय."

म्हणजे प्रश्न एका तासाचा होता. ज्या माणसाने आख्खं पेण नाचवलं, त्याला एक तास वाजवून कॉम्प्युटरवर घ्यायला कितीसा वेळ लागणार? आम्हालाही तेव्हा असंच वाटलं होतं.

* * *

रेकॉर्डिंगची जागा म्हणजे माझ्या दुकानामागची खोली. वेळ दुपारची, कारण दुपारी पेणची बाजारपेठ झोपते. लॅपटॉप इम्तियाजचा. इम्तियाज म्हणजे भूपेशचा कॉलेजपासूनचा मित्र, रोह्याला कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमीत त्याचं मोबाईलचं दुकान आहे. त्याचा मोठा भाऊ आखातात असतो. त्याने हा लॅपटॉप पाठवला आणि सोबत एक साउंड कार्डही. साउंड कार्ड म्हणजे छोटीशी डबी, मिक्सरचा आवाज कॉम्प्युटरला नीट पाजणारी.

पहिल्या दिवशी नंदाने बजावून सांगितलं की तिची दुपारची विश्रांती मोडायची नाही. म्हणून भूपेशने बॉक्स बंद ठेवले आणि कानाला हेडफोन लावून वाजवलं. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. एक घामाघूम माणूस शांत खोलीत एकटाच डोलतोय, एवढंच दिसत होतं. इम्तियाज लॅपटॉपच्या पडद्याकडे बोट करून मला सांगत होता, "बघा दादा, रेघ हलतेय. आवाज जातोय आत."

तास संपला. आम्ही रेकॉर्डिंग लावलं, तर त्यात नंदा!

झालं होतं असं की लॅपटॉपने साउंड कार्डाकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. स्वतःच्याच छोट्या माईकने तो ऐकत बसला होता. पडवीत नंदा आणि शेजारच्या सुलभाताई वालाचं बिरडं सोलत होत्या, म्हणजे विश्रांती ती हीच, आणि त्यांचा शब्द न् शब्द आत आला होता. सुलभाताईंच्या सुनेपासून सुरुवात होऊन गाडी मध्येच भूपेशवर आली. नंदा म्हणत होती, "पोरगा गुणाचा हो. पण लाजतो फार. रिसॉर्टात लाजून कसं चालेल? तिथे लोक पोहायचे कपडे घालून येतात."

भूपेशने मान खाली घालून सगळं ऐकलं. शेवटी एवढंच म्हणाला, "वहिनींचा आवाज चांगला आलाय. लेव्हल पण बरोबर हाय."

* * *

लॅपटॉपला साउंड कार्डाची ओळख करून दिल्यावर गाणी आत जायला लागली. पण गाण्यांच्या खाली एक 'घूंऽऽ' बसला. देवळात कुणीतरी कायमचा शंख धरून बसल्यासारखा. गाणं जोरात असलं की तो लपायचा आणि गाणं हळू झालं की वर यायचा.

हा आजार मला तोंडपाठ आहे. याचं कारण बहुतेक वेळा अर्थिंग. आमच्या दुकानामागे अर्थिंगचा खड्डा आहे, त्यात मीठ आणि कोळसा घालून पाणी सोडायचं असतं. मी सहज बोलून गेलो की खड्डा कोरडा पडलाय, मूठभर मीठ घालायला हवं.

पेणच्या पोराला मीठ आणायला सांगताना माणसाने माप नीट सांगावं. भूपेशच्या ओळखीचे लोक मिठागरावर आहेत. दुसऱ्या दिवशी तो मोटरसायकलवर पुढे पोतं आडवं घालून आला, आणि मी गिऱ्हाईकाशी बोलत असताना दोघांनी मिळून ते सगळं खड्ड्यात आणि खड्ड्याच्या आजूबाजूला ओतलं. वरून बादल्याच्या बादल्या पाणी. इम्तियाज म्हणाला, "काम पक्कं झालं पाहिजे."

घूं जागचा हलला नाही. मग मी लॅपटॉपच्या चार्जरची पिन हातात घेतली, तर तिचा तिसरा पाय गायब! इम्तियाजच्या घरी खाटेजवळ दोनच भोकांचा सॉकेट आहे, म्हणून त्याने अर्थिंगचा पाय करवतीने कापून टाकला होता. मी विचारलं तर म्हणाला, "तो पाय काय करतो ते कुणाला ठाऊक? दोन पायांवर चालतच होता की."

पिन बदलली आणि घूं त्या क्षणाला थांबला. खड्ड्याशेजारचा नंदाचा कढीपत्ता मात्र आठवड्याभरात वाळला. बारा महिने शेजाऱ्यापाजाऱ्यांना पुरणारं झाड होतं. नंदा दोघांनाही काही बोलली नाही, पण त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या घरातल्या प्रत्येक आमटीच्या वेळी मला त्या मिठाची आठवण करून देण्यात आली.

* * *

मध्ये एक छोटासा किस्सा. फेडर म्हणजे मिक्सरवरची ती सरकवायची दांडी, जिने एक गाणं कमी करून दुसरं वर आणतात. भूपेशने फेडर सरकवला की 'करकर' व्हायची आणि तीही इमानदारीत रेकॉर्ड व्हायची. मी मिक्सर उघडला, तर आत पांढऱ्या मातीचा थर आणि त्यात सोनेरी चमकी.

जोह्यात घरोघरी गणपतीचे कारखाने. भूपेशचा मिक्सर दोन कामांच्या मध्ये चुलतभावाच्या कारखान्यात, मूर्तींच्या फळीखाली ठेवलेला असायचा. मी चुलतभावाला फोन करून म्हटलं, अरे, मिक्सरवर निदान फडकं तरी टाक, तुमच्या गणपतींची धूळ सगळी आत गेलीय.

तो शांतपणे म्हणाला, "दादा, गणपती बारा महिने इथं असतात. मिक्सर चार दिवस येतो. मग कोण कुणाच्या घरात हाय?"

मी मिक्सर साफ केला. चमकी काही पूर्ण निघाली नाही. अजूनही त्या मिक्सरला ऊन लागलं की आतून थोडा उजेड दिसतो.

* * *

मग लाल दिव्याची भानगड. मिक्सरवर आवाजाचे दिवे असतात. खाली हिरवे, मग पिवळे, सगळ्यात वर लाल. लाल लागला की समजायचं आवाज फाटायला लागला. मिरवणुकीत हे कुणी पाळत नाही. तिथे लाल दिवा लागला नाही, तर मंडळाचा अध्यक्ष येऊन विचारतो की मशीन बंद पडलंय का. भूपेशचा हातच तसा घडलेला. गाणं सुरू झालं की त्याची बोटं आपोआप दिवा लाल होईपर्यंत वर जायची, आणि कॉम्प्युटरवर सगळं फाटक्या पत्र्यासारखं यायचं.

मी समजावलं की बाबा, रेकॉर्डिंगला हिरव्यात राहायचं, आवाज नंतर हवा तेवढा वाढवता येतो. त्याने प्रयत्न केला. पण हिरव्यात वाजवताना त्याचा चेहरा बघवत नव्हता. म्हणाला, "आजारी माणसाच्या उशाशी बसल्यासारखं वाटतंय." दहा मिनिटांत गडी परत लालमध्ये.

शेवटी मी एक युक्ती केली. दिवा दिसला नाही तर मोह होणार नाही, म्हणून लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन बाहेर दुकानात जाऊन बसलो.

तासाने रेकॉर्डिंग ऐकलं, तर ते आजवरच्या सगळ्यांपेक्षा जास्त फाटलेलं. मी विचारलं, हे कसं काय झालं?

"दिवा लागतच नव्हता, दादा," भूपेश म्हणाला. "म्हणून अजून वाढवला."

* * *

यानंतर एक रेकॉर्डिंग असं झालं की आम्हाला वाटलं, सुटलो. घूं नाही, करकर नाही, दिवे हिरवे. माझ्याकडे गिऱ्हाईक बसलं होतं म्हणून मी पूर्ण ऐकू शकलो नाही. इम्तियाज म्हणाला, मी रोह्याला नेतो आणि आमच्या चाचांना ऐकवतो.

इम्तियाजचे चाचा म्हणजे जुने व्यापारी, बोलण्यात अदब, आणि गाण्याचा कान असल्याची सगळ्या अष्टमीत ख्याती. त्यांनी बरं म्हटलं तर रिसॉर्टवाल्याची काय बिशाद! इम्तियाजने त्यांना आरामखुर्चीत बसवलं, कानात इअरफोन घातले आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. चाचांनी डोळे मिटले. पूर्ण एक तास हलले नाहीत. शेवटी इअरफोन काढून घडी करून परत दिले आणि म्हणाले, "फार सुंदर. आजकालच्या पोरांसारखी धांदल नाय. लग्नात सुद्धा असंच शांत वाजवलं पाहिजे."

इम्तियाज तसाच बस पकडून पेणला आला. भूपेशच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू बघितलं. दोघांनी पेढे आणायचं ठरवलं. मला मात्र 'शांत' हा शब्द खटकला. मी इअरफोन कानाला लावले, तर आवाज फक्त डाव्या कानात. उजवीकडे काही म्हणजे काही नाही. डीजेवाले वायर हाताच्या कोपराभोवती गुंडाळतात, त्यात एका बाजूची तार आतल्या आत तुटली होती.

मी म्हटलं, पण मग चाचांनी निदान डाव्या कानाने तरी ऐकलं असेल ना?

इम्तियाज हळूच खाली बसला. चाचांचा डावा कान बरीच वर्षं झाली, बंद होता. घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यांना वाईट वाटेल म्हणून कुणी तो विषय काढत नसे.

* * *

आता अप्पांचा किस्सा. कंपनीत हजर व्हायचा दिवस जवळ आला होता. अप्पा पेणला बाजाराला आले की माझ्याकडे टेकायचे, पण मागच्या खोलीत कधी जायचे नाहीत. त्या दिवशी मात्र भूपेशच्या कंपनीच्या कागदांवर त्याची सही हवी होती म्हणून आत आले आणि स्टुलावर बसून राहिले. पोरगा वाजवत होता. बाप बघत होता. कंपनीचे कागद पिशवीत होते. मला दोघांचाही कळवळा आला, कारण दोघांपैकी चुकीचा कुणीच नव्हता.

वाजवून झाल्यावर इम्तियाजने रेकॉर्डिंग लावलं. सुरुवातीला नुसती शांतता. मग एकदम गायिकेच्या तोंडचे दोन शब्द. परत शांतता. मग कुणीतरी लांबून 'ए' म्हणालं. ढोलकी नाही, ताशा नाही, बेस नाही. भुताने हळद गायल्यासारखं काहीतरी.

आम्ही वायरी तपासल्या, पिन तपासली, सगळं ठीक. मग इम्तियाजला आठवलं. आदल्या रात्री आखातातून भाईजानचा व्हिडिओ कॉल आला होता. अम्मीच्या घरात कोंबड्या, कुकर, वरच्या मजल्याचं बांधकाम, भाईजानला अम्मीचं बोलणं कळेना. म्हणून इम्तियाजने लॅपटॉपमध्ये एक सोय चालू केली होती. ती माणसाचं बोलणं तेवढं ठेवते आणि बाकीचा गोंगाट काढून टाकते. ती बंद करायची राहिली. लॅपटॉपने इमानेइतबारे एक तासभर भूपेशचं संगीत गोंगाट म्हणून काढून टाकलं होतं.

अप्पांना हे सगळं इम्तियाजने नीट समजावलं. अप्पा उठले, पहिल्यांदाच लॅपटॉपच्या जवळ गेले, आणि त्याच्यावरून हात फिरवला.

"हे मशीन समजदार हाय," ते म्हणाले.

भूपेश हसला. अप्पाही हसले. कागदांवर सही झाली, पण अप्पांनी ते कागद परत पिशवीत घालताना मला बाजूला घेऊन विचारलं की अजून किती दिवस लागतील पोराला. मी म्हटलं, होईल दोन-चार दिवसांत. ते म्हणाले, व्हऊ दे. सोमवारी कंपनीत जायचं होतं.

* * *

खरं म्हणजे एक रेकॉर्डिंग आम्ही पाठवलंही होतं. वायर बदलली, ती गोंगाटाची सोय बंद केली, आणि तास पदरात पडला. आवाज स्वच्छ. भूपेशने लगेच पाठवून दिलं.

आमच्याकडे डीजेवाल्यांची एक रीत आहे. दर गाण्याच्या जोडावर, म्हणजे एक गाणं उतरतं आणि दुसरं चढतं तिथे, आपलं नाव टाकायचं. आधी एक मोठा भोंगा, मग घुमणाऱ्या आवाजात बाई म्हणते, "डीजे भूपेश, जोहे-पेण!" याला कारणही आहे. नाव नसेल तर पुढच्या हळदीला तेच गाणं दुसरा कुणीतरी स्वतःचं म्हणून वाजवतो. त्यामुळे पोरं वाजवायला शिकतात त्याच दिवशी नावाची बाई शोधायला लागतात. भूपेशची बाई मुंबईची होती, तिला 'जोहे' म्हणायला जमेना म्हणून चार वेळा म्हणवून घेतलं होतं, असं तो अभिमानाने सांगायचा.

रिसॉर्टच्या मॅनेजरचा निरोप दुसऱ्याच दिवशी आला. माणूस सभ्य होता. त्याने लिहिलं होतं, "तुमचं नाव आणि गाव लक्षात राहिलं. आता भोंगा आणि नाव न घालता फक्त गाणी पाठवा. रविवार संध्याकाळपर्यंत वाट बघतो."

इम्तियाज म्हणाला, "भेटल्यावर ओळख करून द्यायची तरी गरज नाय." भूपेश मात्र बराच वेळ तो निरोप वाचत बसला. मग त्याने भोंग्याचं आणि बाईचं बटण असलेल्या ठिकाणी बोट जाऊ नये म्हणून तिथे स्वतःच पुठ्ठ्याचा तुकडा बसवला.

* * *

रविवारी दुपारी मी दुकान बंद ठेवलं. पिन तपासली, वायर नवी लावली, दोन्ही कानांनी ऐकून बघितलं. लॅपटॉपमधली एकेक सोय इम्तियाजने माझ्यासमोर बंद केली. फोन सगळे बाहेर ठेवले. नंदाने स्वतःहून पडवीचं दार ओढून घेतलं.

भूपेशने एक तास वाजवलं. डोळा हिरव्या दिव्यावर. एकदाही लालमध्ये गेला नाही, भोंगा नाही, नाव नाही. संपल्यावर त्याने शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं आणि आम्ही तिघं ऐकायला बसलो. या वेळी पूर्ण ऐकायचं, असं मीच ठरवलं होतं.

पहिलं गाणं सुरू झालं आणि माझं मन भरून आलं. इतकी वर्षं मी लोकांचे आवाज दुरुस्त करतोय, पण इतका स्वच्छ आवाज माझ्या त्या खोलीत कधी झाला नव्हता. ढोलकीच्या पुडीवर पडलेलं बोट वेगळं ऐकू येत होतं. इम्तियाजने माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

मग पहिला जोड आला. दुसरं गाणं वर चढायला लागलं आणि दोन ढोलक्या एकमेकींच्या पायात आल्या. एक थोडी पुढे, एक थोडी मागे. दोन माणसांनी एक जड पाटी उचलावी आणि पावलं जुळू नयेत, तसं. ते बरंच लांबलं. मग पहिलं गाणं संपलं आणि सगळं परत छान झालं.

मी मनातल्या मनात सगळी कारणं चाळली. कॉम्प्युटर मागे पडला असेल. मग नुसतं एकच गाणं चालू असतानाही अडखळायला हवं होतं, ते तर सरळ चालत होतं. दुसरा जोड आला, तिथेही तेच. तिसऱ्यालाही तेच. मिरवणुकीत या जागेवर शिट्ट्या असायच्या, पोरांचा आरडाओरडा असायचा, भोंगा असायचा आणि मुंबईची बाई असायची. मी भूपेशला इतकी वर्षं ऐकलं होतं, पण त्याचा जोड कधीच ऐकला नव्हता. बहुतेक त्यानेही नव्हता.

इम्तियाज खिडकीबाहेर बघायला लागला. नंदा चहा घेऊन आली आणि आमचे चेहरे बघून कप ठेवून निघून गेली. भूपेश लॅपटॉपच्या समोर मांडी घालून बसला होता, हात मांडीवर, शाळेत निकाल ऐकताना बसतात तसा. मला त्याच्याकडे बघवेना. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी हात पुढे केला.

"केबल बघू का रे परत? जॅक जरा सैल वाटतोय."

जॅक सैल नव्हता. तो मीच तासाभरापूर्वी बसवला होता.

"नको दादा," भूपेश म्हणाला. "केबल बरोबर हाय."

त्याने उरलेलं सगळं ऐकलं. एकही जोड पुढे ढकलला नाही. गाणी संपली तेव्हा बाहेर उन्हं उतरत आली होती. इम्तियाजने घसा साफ केला आणि हळू आवाजात सांगितलं की जोडाच्या जागा कॉम्प्युटरवर जुळवून देता येतात, थोड्या वेळाचं काम आहे, कुणाच्या बापाला कळणार नाही, आणि संध्याकाळ व्हायला अजून अवकाश आहे.

भूपेशने त्याच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला. मग लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि ते रेकॉर्डिंग होतं तसं पाठवून दिलं.